करुणा अंगी बाणते कशी? बायबल वाचणाऱ्यांशी बोलायचं आहे

पारसिकपायथा | मंगळवार, रात्री ११:५०

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं वाचते आहे, लिहिते कमी. आज राहवलं नाही.

आम्ही कळव्याला राहतो. मूळचे नगरकडचे, तीन पिढ्यांचे ख्रिस्ती. माझ्या सासूबाई ८१ वर्षांच्या आहेत. गेली अडीच वर्षं त्यांना विस्मरणाचा आजार आहे. आधी चष्मा कुठे ठेवला ते विसरायच्या, आता मी कोण तेही विसरतात. एके काळी गावच्या शाळेत मराठी शिकवायच्या आणि रविवारी शब्बाथशाळा घ्यायच्या. लग्नानंतर पहिल्याच वर्षी मला टायफॉईड झाला होता. महिनाभर रोज सकाळी शाळेत जायच्या आधी त्या माझ्या उशाशी बसून केसांतला गुंता सोडवायच्या. माझी आईसुद्धा इतक्या हलक्या हाताने विंचरत नसे.

मागच्या आठवड्यात एका रात्री त्यांनी विचारायला सुरुवात केली, "दाराची कडी लावली का ग?" लावली, आई. पाच मिनिटांनी पुन्हा तेच. सकाळी सातला मला वागळे इस्टेटची बस गाठायची होती. अकराव्या की बाराव्या वेळेला मी त्यांच्या हातातला पाण्याचा पेला हिसकावून घेतला आणि ओरडले. पाणी लुगड्यावर सांडलं. त्या रडल्या नाहीत, चिडल्या नाहीत. ओला पदर दोन्ही हातांनी पिळत, पाहुणी बोलते तशा अदबीने म्हणाल्या, "बाई, तुम्हाला त्रास होत असेल तर मी सकाळच्या यष्टीने जाते."

तेव्हापासून ते वाक्य डोक्यातून जात नाही.

मी चर्चच्या महिला मंडळात आहे. नाताळात डबे भरते, वृद्धाश्रमात जाते. तिथे माझ्या तोंडून कधी वाकडा शब्द जात नाही. मग घरी काय होतं? बायबलातल्या कलस्सैकरांच्या पत्रात (३:१२) प्रेषित पौल म्हणतो, करुणायुक्त हृदय धारण करा. लहानपणापासून पाठ आहे. पण हृदय ही धारण करायची वस्तू आहे का? आतच नसेल तर माणसाने आणायचं कुठून?

"प्रार्थना कर" हे मला ठाऊक आहे आणि मी करते. शास्त्रात तुम्हाला या बाबतीत काही नेमकं सापडलं असेल, तुमच्या जगण्यात त्याचा उपयोग झाला असेल, तर सांगा. ख्रिस्ती नसलेल्यांनीही जरूर लिहा.

---

रात्रपाळी | मंगळवार, रात्री १२:३५

ताई, मी नेरूळला एका रुग्णालयात परिचारिका आहे. आत्ता वॉर्डात आहे, सकाळी सविस्तर लिहीन. तोवर एवढंच: ज्या माणसाला करुणा नाही तो त्या वाक्याने आठवडाभर तळमळत नाही. आणि आज तरी झोपा.

---

ऐरोलीचा वाटसरू | बुधवार, सकाळी ८:१०

पुण्यात काही वर्षं धर्मशास्त्र शिकलो, त्यातलं जे माझ्या कामी आलं ते लिहितो.

शुभवर्तमानांत, म्हणजे येशूचं चरित्र सांगणाऱ्या पुस्तकांत, त्याच्या बाबतीत "कळवळा आला" असं जिथे जिथे आहे, तिथे मूळ ग्रीक क्रियापद आहे स्प्लांख्निझोमाय. स्प्लांख्ना म्हणजे पोटातली आतडी. आपण मराठीत "आतडं तुटतं", "पोटात कालवतं" म्हणतो ना, अगदी तेच. इंग्रजी वाचणाऱ्याला हे समजावून द्यावं लागतं, आपल्याला आपल्या आजीनेच शिकवलेलं असतं. नव्या करारात हे क्रियापद १२ वेळा येतं, सगळं मत्तय, मार्क आणि लूक यांच्यात. ते फक्त येशूबद्दल, किंवा त्याच्या दाखल्यांतल्या तिघांबद्दल वापरलं आहे: कर्ज माफ करणारा राजा, वाटेतल्या जखमीला उचलणारा शोमरोनी आणि उधळ्या मुलाचा बाप.

जुन्या करारातला हिब्रू शब्द रहमीम. तो रेहेम म्हणजे गर्भाशय या शब्दाशी जोडलेला. योसेफाची गोष्ट आठवा (उत्पत्ती ४३). ज्या भावांनी त्याला विकलं ते समोर बसलेत, धाकटा बन्यामीनही आला आहे. योसेफाच्या पोटात कालवतं, तो घाईने आतल्या खोलीत जातो, रडतो, तोंड धुतो, स्वतःला सावरून बाहेर येतो आणि म्हणतो, जेवण वाढा. मला ही ओळ फार आवडते. कळवळा आत उसळतो आणि बाहेर येताना त्याचं ताट वाढणं होतं.

आता तुमचा प्रश्न. "धारण करा" यासाठी पौलाने वापरलेलं क्रियापद साधं अंगात कपडा घालण्याचं आहे. त्याच अध्यायात वर तो म्हणतो, जुना मनुष्य उतरवून ठेवा. कपडा कोणाच्या अंगावर उगवत नाही. तो रोज सकाळी घालावा लागतो, संध्याकाळपर्यंत मळतो, पुन्हा धुवावा लागतो. आणि तेराव्या वचनात लगेच एकमेकांचं सहन करा, क्षमा करा असं आहे. म्हणजे हे वस्त्र घातलेली माणसंही भांडणार, एकमेकांवर ओरडणार, हे पौलाने धरूनच चाललं आहे.

"कुठून आणायचं?" याला मत्तयच्या १८व्या अध्यायात उत्तर आहे असं मला वाटतं. राजाने ज्या चाकराला दहा हजार तालांतांचं कर्ज सोडलं, त्याने बाहेर पडताच शंभर दीनारांसाठी सोबतीचा गळा धरला. एक दीनार म्हणजे मजुराचा एक दिवसाचा रोज, आणि एक तालांत म्हणजे साधारण सहा हजार दीनार. कितीही जन्म राबला तरी न फिटणारी रक्कम. चाकराचं चुकलं काय? त्याला मिळालं होतं, पण ते त्याने आपल्या आत उतरू दिलं नाही. शास्त्रातली करुणा आधी मिळते आणि मग पुढे जाते. ताई, तुम्ही तुमच्या लिखाणातच ते सांगून टाकलंय. टायफॉईडचा महिना, आणि गुंता सोडवणारा तो हलका हात.

---

खाडीपलीकडे | बुधवार, दुपारी १:२०

मी कुठलाच धर्म पाळत नाही, पण मूळ लेख वाचून जेवण गेलं नाही म्हणून लिहितो. शंका प्रामाणिक आहे, कोणी वाईट वाटून घेऊ नये.

मत्तय २५ वाचलंय. भुकेल्याला जेवू घालणारे उजवीकडे, न घालणारे डावीकडे, एकांना राज्य आणि दुसऱ्यांना शिक्षा. मग ती करुणा राहिली कुठे? बक्षिसाची आशा आणि शिक्षेची धास्ती यातून माणूस वागला तर त्याचा स्वभाव घडला असं म्हणता येईल का? माझे वडील निरीश्वरवादी होते. गिरणी संपात शेजाऱ्यांच्या चुली पेटत्या ठेवायला त्यांनी आईच्या पाटल्या मोडल्या. त्यांना कुठलं राज्य मिळणार नव्हतं.

---

माजिवडेकर काका | बुधवार, दुपारी ४:०५

खाडीपलीकडे, तुमच्या वडिलांना माझा नमस्कार सांगावासा वाटतो.

मी ७३ वर्षांचा, ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्याच जुन्या मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती समाजातला, कॅथलिक. बाप्तिस्मा तलावपाळीजवळच्या सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्चमध्ये झाला. तुमची शंका मलाही तरुणपणी होती. मग एका धर्मगुरूंनी मला तोच उतारा पुन्हा सावकाश वाचायला लावला. उजवीकडचे लोक काय म्हणतात पाहा. प्रभू, आम्ही तुला भुकेलेला कधी पाहिलं? तुला परका कधी पाहिलं? त्यांना पत्ताच नाही! हिशेब ठेवणारी माणसं असती तर तारीखवार यादी काढून दाखवली असती. ज्यांनी बक्षिसासाठी केलं नाही त्यांचीच ती गोष्ट आहे. तुमच्या वडिलांनाही तिथे उभं करा आणि "कधी?" असं तेही विचारतील बघा.

आमच्यात उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी, राखेच्या बुधवारी, मत्तयचा सहावा अध्याय वाचतात. दान करताना उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू देऊ नको. पूर्वी वाटायचं, हे दिखावा टाळण्याबद्दल आहे. आता वाटतं, ते सवयीबद्दलही आहे. डाव्या हाताला कळत नाही इतकं उजव्याच्या अंगवळणी पडलेलं असावं.

पोरी, आता तुझ्यासाठी. आमच्या परंपरेत दयेची सात शारीरिक कृत्यं सांगितली आहेत. भुकेल्याला अन्न, तहानलेल्याला पाणी, उघड्याला वस्त्र, परक्याला आसरा, आजाऱ्याची भेट, बंदिवानाची भेट ही सहा मत्तय २५ मधली. सातवं मृताला मूठमाती, ते कॅथलिक बायबलातल्या तोबीतच्या पुस्तकातून आलं. लक्षात घे, सातही कामं हातापायाने करायची आहेत. "मनात दया बाळगा" असं त्या यादीत कुठेच नाही. मी तीस वर्षं सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीत आहे. १८३३ साली पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम नावाच्या वीस वर्षांच्या विद्यार्थ्याने मित्रांना घेऊन ती सुरू केली. आमची रीत अशी, मदत पाठवून द्यायची नाही, घरी जायचं, आणि दोघांनी जायचं. सुरुवातीला मी नुसता पाकीट ठेवून उठायचो. माझा जोडीदार मात्र बसायचा, पाणी मागून प्यायचा. पुढे मला कळलं की त्यांच्या घरचं पाणी पिणं हीच अर्धी भेट असते. तोपर्यंत चार-पाच वर्षं गेली होती. मला कळवळा आधी आला नाही, आधी पाय सवयीचे झाले.

अवांतर: आमच्या ठाण्याला परक्याच्या पाहुणचाराची जुनी गोष्ट आहे. १३२१ साली चीनकडे निघालेले चार फ्रान्सिस्कन साधू इथल्या बंदरात उतरले, तेव्हा इथल्या पूर्वेच्या परंपरेतल्या एका ख्रिस्ती कुटुंबाने त्यांना घरात ठेवून घेतलं. त्या साधूंचा अंत फार वाईट झाला, पण ओळख ना पाळख, भाषाही वेगळी, आणि तरी दार उघडणाऱ्या त्या घराची मला राहून राहून आठवण येते.

---

पारसिकपायथा | बुधवार, रात्री ९:३०

सगळ्यांचे प्रतिसाद दोनदा वाचले. काका, "पोरी" म्हणालात, बरं वाटलं.

वाटसरू, कपड्याचं उदाहरण पटलं. पण एक मनात आहे ते बोलतेच. सवयीने केलेलं खरं असतं का? मी दात आवळून आईंना भरवते, तोंडाने गोड बोलते, आणि आत नुसता थकवा असतो. हे ढोंग नाही का?

---

ओळंबा | बुधवार, रात्री १०:४५

मी कोपरखैरण्याला बांधकामाची, दुरुस्तीची छोटी कंत्राटं घेतो. पुस्तकी ज्ञान नाही, अनुभव लिहितो.

आमच्या इथे सकाळी आठला नाक्यावर माणसं उभी असतात. गवंडी, बिगारी, रंगारी. दहापर्यंत ज्यांना कोणी नेलं नाही ती माणसं परततात. सहा वर्षांपूर्वी मी एका बिगाऱ्याला गुरुवारी कामाला नेलं. संध्याकाळी गिऱ्हाइकाकडून पैसे आले नव्हते, म्हणून म्हटलं, शनिवारी एकदम घे. तो "बरं" म्हणाला. दुसऱ्या दिवशी नाक्यावर दिसला नाही. शनिवारी आला तेव्हा पायाला चिंधी बांधलेली. बसला पैसे नव्हते म्हणून रात्री दिघ्यापर्यंत चालत गेला होता, अंधारात पायात सळई घुसली. माझ्यावर रागावला नाही. मला ते रागावण्यापेक्षा जास्त लागलं.

आमच्या पाळकांना सांगितलं. त्यांनी जुन्या करारातल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाचा २४वा अध्याय उघडून समोर ठेवला. मजुराची मजुरी त्याच दिवशी द्यावी, सूर्य मावळू देऊ नये, कारण तो गरीब आहे आणि त्याचा जीव त्या पैशात अडकलेला असतो. म्हणजे मोशेच्या काळात कोणीतरी मजुराच्या पोटातला गोळा ओळखून कायदा केला होता! आणि याकोबाच्या पत्रात तर आहे की अडवून ठेवलेली मजुरीच ओरडते आणि ती ओरड देवाच्या कानी जाते.

तेव्हापासून नियम केला. उजेड आहे तोवर रोख हातात. गिऱ्हाइकाने उशीर केला तर बायकोच्या भिशीतून घेतो, पण देतो. पहिल्या वर्षी नुसता नियम होता, कधी कधी जिवावर यायचं. पण रोज संध्याकाळी पैसे देताना प्रत्येकाच्या तोंडाकडे पाहावं लागतं ना. हळूहळू कोणाची पोरगी दहावीला आहे, कोणाची आई आजारी आहे, हे कळायला लागलं. आता एखादा दोन दिवस दिसला नाही तर चैन पडत नाही. ताई, नियम आधी आला, जीव मागून लागला. ढोंग म्हणायचं तर पहिल्या वर्षी मी ढोंगी होतो. पण माणसांना पैसे खरेच मिळत होते.

तेव्हा मत्तयच्या २०व्या अध्यायातला द्राक्षमळ्याचा दाखला मला नव्याने कळला. संध्याकाळी पाचला मालक बाजारात उभ्या असलेल्यांना विचारतो, दिवसभर रिकामे का उभे आहात? ते म्हणतात, आम्हाला कोणी कामाला लावलं नाही. हे वाक्य मी नाक्यावर कितीदा ऐकलंय. तो त्यांनाही पुरा रोज देतो. लोक म्हणतात हा अन्याय. ज्याने पाच वाजेपर्यंत नाक्यावर उभं राहिलेल्याचं तोंड पाहिलंय, तो असं म्हणणार नाही. घरी पोरांना तर पुरीच भूक लागते.

---

इंद्रायणी ते खाडी | गुरुवार, सकाळी ७:१५

रामकृष्ण हरी. मी वारकरी, राहतो विटाव्याला. ओळंबादादा, तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला.

मला एक जुळणी सांगायची आहे. आमच्या शेजारच्या ख्रिस्ती आजींनी मला त्यांचं मराठी शास्त्र वाचायला दिलं होतं. मत्तयच्या नवव्या अध्यायाच्या शेवटी लोकसमुदाय पाहून येशूला कळवळा येतो, कारण मेंढपाळ नसलेल्या मेंढरांसारखे ते "गांजलेले व पांगलेले" होते. "गांजलेले" वाचलं आणि थबकलो. तुकोबांचा शब्द! रंजल्यागांजल्यांना जो आपलं म्हणतो तोच साधू, हे आम्ही आईच्या दुधाबरोबर प्यालो आहोत. ख्रिस्ती झालेले कवी रेव्हरंड टिळक यांनी म्हटलंच होतं की आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. मी पुलाच्या अलीकडेच आहे आणि इथेच राहणार, पण पूल पक्का आहे एवढं सांगतो.

---

रात्रपाळी | गुरुवार, दुपारी २:५०

वचन दिल्याप्रमाणे आता लिहिते. पाळी संपवून झोपून उठले आहे.

पारसिकताई, तुम्ही थकव्याला ढोंग म्हणताय. आमच्या कामात हे रोज पाहते. पहिल्या वर्षी प्रत्येक पेशंटसाठी रडणारी मुलगी तिसऱ्या वर्षी चादरीखालच्या माणसाला बेडनंबराने हाक मारते. ती वाईट झालेली नसते, ती रिकामी झालेली असते. माझंही झालं होतं. एका आजोबांनी घंटा वाजवली आणि मी ती ऐकू आली नाही असं केलं. तेव्हा मी एलीयाची गोष्ट शोधून वाचली (१ राजे १९). एवढा मोठा संदेष्टा रानातल्या झुडपाखाली बसून मरण मागतो. देव त्याला काय उपदेश करतो? काहीच नाही. झोपू देतो. देवदूत उठवतो तेव्हा उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई असते. खातो, पितो, पुन्हा झोपतो. दुसऱ्यांदा उठवून पुन्हा खायला लावतात, कारण पुढची वाट लांबची आहे. देवाचं बोलणं त्याच्या कितीतरी नंतर येतं.

मार्कच्या सहाव्या अध्यायातही येशू शिष्यांना एकांतात चला, थोडा विसावा घ्या म्हणतो, कारण त्यांना जेवायलाही सवड नव्हती. खरं तेही सांगते, तो विसावा त्यांना पुरता मिळाला नाही. लोक आधीच काठावर येऊन उभे होते, आणि येशूला त्यांचा कळवळा आला. म्हणजे विसावा मागणं हे कमी श्रद्धेचं लक्षण नाही, आणि तो दर वेळी मिळेलच असंही नाही.

आणि आता शोमरोन्याबद्दल. लूकच्या दहाव्या अध्यायातला हा दाखला आपण इतका ऐकलाय की शेवट वाचतच नाही. यरुशलेमहून यरीहोला उतरणारी वाट, पंचवीस-एक किलोमीटर, सगळा ओसाड घाट. जखमी माणसाला याजकाने पाहिलं, लेव्याने, म्हणजे मंदिरातल्या सेवकाने, पाहिलं, शोमरोन्यानेही पाहिलं. पाहण्यात तिघे सारखेच! फरक पुढच्या पावलाचा. पहिले दोघे वाट सोडून पलीकडून गेले, हा जवळ गेला. तेल आणि द्राक्षारस ओतून पट्ट्या बांधल्या, आपल्या जनावरावर बसवलं, उतारशाळेत नेलं, रात्रभर सांभाळलं. यहूदी आणि शोमरोनी एकमेकांच्या ताटाला शिवत नसत, हे लक्षात घ्या.

पण दुसऱ्या दिवशी काय झालं? तो निघून गेला. हो, गेला! उतारशाळेवाल्याच्या हातात दोन दीनार, म्हणजे दोन दिवसांची मजुरी ठेवली, याला सांभाळ म्हणाला, जास्त लागलं तर परत येताना देईन म्हणाला. त्याला त्याचं काम होतं, त्याचा रस्ता होता. त्याने सगळं एकट्याच्या डोक्यावर घेतलं नाही. आणि येशू म्हणतो, जा, तूही तसंच कर. त्या "तसंच"मध्ये उतारशाळेवालाही येतो.

ताई, तुमची उतारशाळा कुठे आहे? दिवसा आईंजवळ कोण असतं?

---

पारसिकपायथा | गुरुवार, रात्री १०:१०

हे वाचून खूप रडले, पण मोकळं रडले.

दिवसा सोसायटीतली एक ओळखीची मुलगी अधूनमधून डोकावते. नवरा फिरतीवर असतो. पूर्णवेळ बाई ठेवायचं दोन वर्षं मनात आहे. नातेवाईक म्हणाले, सून असताना परक्या बाईच्या हातात म्हातारी? मीही तेच स्वतःला म्हणत आले. शोमरोनी दुसऱ्या दिवशी निघून गेला हे मी शेकडो वेळा वाचलं असेल, दिसलं नव्हतं.

---

ऐरोलीचा वाटसरू | शुक्रवार, सकाळी ८:००

रात्रपाळी, हा प्रतिसाद जपून ठेवतो आहे.

ढोंगाबद्दल थोडं. रोमकरांच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात पौल क्रम सांगतो: संकटाने धीर, धीराने शील, शीलाने आशा. मराठीत "शील" आहे तिथे ग्रीकमध्ये पारखून उतरलेल्या गोष्टीसाठी वापरतात तो शब्द आहे. शील आधी घेऊन कोणी संकटात उतरत नाही, ते तिथेच घडतं. अर्थात दुःखाने माणूस कडवटही होतो, हेही खरं. पंडिता रमाबाईंचे आईवडील दुष्काळाच्या दिवसांत उपासमारीने गेले. त्या कडवट झाल्या असत्या तर कोणी नाव ठेवलं नसतं. १८९६-९७च्या दुष्काळात त्याच रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुली, विधवा यांना घेऊन आल्या. केडगावचं मुक्ती सदन त्यातून उभं राहिलं. स्वतः भूक पाहिलेल्या बाईने भुकेल्या पोरी ओळखल्या. २ करिंथच्या पहिल्या अध्यायात आहे, आपल्या संकटात देव आपलं सांत्वन करतो ते यासाठी की आपल्याला इतरांचं करता यावं.

---

खाडीपलीकडे | शनिवार, सकाळी ११:२५

काका, तुमच्या उत्तरानंतर बायबल पुन्हा काढलं. "कधी पाहिलं?" हे मी खरंच वगळून वाचलं होतं. मान्य करतो.

वाचता वाचता योनाचं पुस्तक वाचलं. चार अध्याय, अर्ध्या तासाचं काम. मासा सगळ्यांना माहीत असतो, शेवट मला माहीत नव्हता. शत्रूचं निनवे शहर नाशातून वाचलं म्हणून योना चिडून बसतो. डोक्यावर सावली धरणारा वेल वाळला म्हणून तर आणखीच चिडतो. देव म्हणतो, तू ज्यासाठी कष्ट केले नाहीस त्या वेलाची तुला एवढी हळहळ, मग या निनवेत उजवा हात कुठला आणि डावा कुठला हे न कळणारी एक लाख वीस हजारांवर माणसं आहेत, पुष्कळ गुरंढोरं आहेत, त्यांची मला वाटू नये? आणि पुस्तक तिथे संपतं. प्रश्नावर! योनाने काय उत्तर दिलं ते लिहिलेलंच नाही. गुरांची आठवण ठेवून संपणारं धर्मग्रंथातलं पुस्तक मी पहिल्यांदा पाहिलं. माझं देवाबद्दलचं मत बदललेलं नाही, पण दोन दिवस हा प्रश्न माझ्याबरोबर लोकलने येतो-जातो आहे.

पारसिकताई, उजवा-डावा न कळणारी माणसं वाचताना तुमच्या सासूबाई डोळ्यांपुढे आल्या.

---

माजिवडेकर काका | शनिवार, दुपारी १२:४०

खाडीपलीकडे, कधी या तलावपाळीला. बाकावर बसून बोलू.

---

पारसिकपायथा | पाच आठवड्यांनी, रविवार, दुपारी ३:१५

धागा वर काढते आहे. काय झालं ते तुम्हाला सांगायला हवं.

सकाळी दहा ते सहा एक मावशी येतात, खारेगावच्या. माझ्या पगारातला बराच भाग जातो. पहिले चार दिवस आई त्यांना शाळेतल्या शिपाईणबाई समजून कामं सांगत होत्या. मावशी "हो बाई" म्हणून करत होत्या. आता दुपारी दोघी मिळून मटार सोलतात.

ओळंबादादा, तुमच्यासारखा मीही एक नियम केला. सकाळी सहा ते सव्वासहा मी आईंचे केस विंचरते. मन असो नसो. पहिल्या आठवड्यात लक्ष घड्याळाकडे होतं. केस आता मूठभरही नाहीत, पण गुंता होतो. मला खालच्या टोकाकडून सोडवायला त्यांनीच शिकवलं होतं. एका सकाळी मध्येच त्यांनी "परमेश्वर माझा मेंढपाळ आहे" सुरू केलं आणि सगळं स्तोत्र न अडखळता शेवटपर्यंत म्हटलं. मी कोण हे त्यांना त्या दिवशी आठवत नव्हतं.

चिडचिड पुरती गेली असं नाही. परवा मी पुन्हा आवाज चढवला. पण लगेच बाहेर गॅलरीत गेले, तोंड धुतलं आणि परत येऊन ताट वाढलं. वाटसरू, योसेफ आठवला.

काल रात्री सव्वादोनला पुन्हा विचारलं, "दाराची कडी लावली का ग?" मी "लावली" म्हटलं नाही. उठले, त्यांचा हात धरला आणि दोघी दारापर्यंत गेलो. त्यांचा हात कडीवर ठेवला. त्यांनी ती चाचपली, थोडी हलवून पाहिली. "लागली," त्या म्हणाल्या. मग सकाळपर्यंत उठल्या नाहीत.

---

रात्रपाळी | रविवार, सायंकाळी ६:२०

ताई, मला शनिवारी दुपारी सुट्टी असते. नेरूळहून ट्रान्स-हार्बरने ठाणे, तिथून कळवा काही लांब नाही. दोन ते सहा आईंजवळ बसायला येऊ का? तुम्ही तेवढा वेळ कुठेही जा, नाहीतर नुसत्या झोपा.

---

पारसिकपायथा | रविवार, सायंकाळी ६:३२

या. व्यक्तिगत निरोप पाठवला आहे.